चौदा टाके

ऑफिसात त्याला काडीमास्तर म्हणत. फोनच्या कोपऱ्यात ज्या उभ्या काड्या दिसतात त्या मोजत तो सोळा वर्षं गाडी चालवत होता, आणि नव्याने लागलेल्या माणसाला पहिला महिना त्याच्याच शेजारच्या सीटवर बसवत, म्हणून मास्तर. हे काड्या करत नाहीत, नुसत्या मोजतात, हा विनोद नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवला जाई, आणि तो माणूस हसायच्या आत मास्तर स्वतःच हसून घेई. दुसऱ्याच्या हसण्याची वाट पाहणं त्याला जमत नसे. कशाचीच वाट पाहणं जमत नसे. दूध वर यायच्या आधीच तो गॅस बंद करी आणि मग ते कच्चं राहिलं म्हणून बायकोची बोलणी खाई.

काम असं होतं. गाडीच्या पुढच्या काचेमागे एका पट्टीवर तीन फोन शेजारी शेजारी बसवलेले, मागच्या सीटवर ते तिन्ही जोडलेलं यंत्र. गाडी चालत राहिली की दर दोन सेकंदांनी नकाशावर एक ठिपका पडे. तिथे कुठलं जाळं किती ऐकू येतं ते त्या ठिपक्याच्या रंगावरून कळे. चांगलं ऐकू आलं तर हिरवा, जेमतेम आलं तर पिवळा, नाहीच आलं तर लाल. शिवाय दर पाच किलोमीटरला गाडी थांबवून प्रत्येक फोनवरून एक फोन लावून पाहायचा आणि लागला की नाही ते लिहायचं.

तीन फोनांना त्याने नावं दिली होती. थोरला जुन्या जाळ्याचा. बोलणं आणि चार ओळींचा निरोप, यापलीकडे त्याला काही येत नसे. पण सपाट मुलखात त्याचा आवाज तीस तीस किलोमीटर जाई, जाड भिंतीतून घुसे, तळघरात उतरे. मधला घरोघरीचे मधले असतात तसा, कुणाच्या फारसा लक्षात न राहणारा. आणि धाकटा नव्या जाळ्याचा, लाडावलेला. शहरात त्याचा रुबाब पाहून घ्यावा, डोळ्याची पापणी लवेपर्यंत अख्खा सिनेमा आणून देई. पण शहराबाहेर दोन टेकड्या मध्ये आल्या की त्याला धाप लागे, आणि उंच इमारतींच्या चकचकीत काचांपुढे तर तो दारातूनच मागे फिरे. समुद्रकाठच्या रस्त्यावर तिघेही चळत. पाण्यावरून पलीकडच्या देशाचं जाळं सरपटत येई आणि परक्या मुलखात आपलं स्वागत असो, असा निरोप आपल्याच गाडीत बसून वाचायला मिळे. कंपन्या एकमेकींशी भांडत त्या या ठिपक्यांवरून. प्रत्येकीला आपला नकाशा दुसरीपेक्षा हिरवा हवा असे. मास्तरला या भांडणाचं काही नव्हतं. तो म्हणे, आपण वजनकाटा, धान्य कुणाचं का असेना.

अलीकडे थोरल्याला घरी बसवायचं ठरलं होतं. हवेत जागा मोजकी, आणि धाकट्याची भूक वाढत चाललेली. थोरल्याने अडवलेली जागा धाकट्याला हवी होती. एकेका विभागातून जुनं जाळं बंद होत होतं. नियम साधा होता: ज्या विभागात नवं जाळं सगळ्या रस्त्यांवर ऐकू येतं आणि लावलेले फोन लागतात, तिथलं जुनं बंद करायचं. ते तसं आहे की नाही, हे मास्तरसारख्यांच्या नकाशावरून ठरे.

या धंद्यात एक रीत होती, तिला टाका घालणं म्हणत. बोगदा लागला, यंत्र अडकलं की ठिपक्यांच्या रांगेत भोक पडे. भोक तीनशे मीटरपेक्षा लहान असेल तर संगणक विचारी, भरू का. हो म्हटलं की तो अलीकडचा ठिपका पाही, पलीकडचा ठिपका पाही आणि मधलं अंदाजाने रंगवून टाकी. दोन हिरव्यांच्या मध्ये हिरवं. ते नियमात बसत होतं. दिवसाला दोन टाके पडले तर चालतील, तिसरा पडला की गाडी मागे घ्यायची, असं मास्तर शिकवे.

चार महिन्यांपूर्वी, विभाग सतराच्या शेवटच्या दिवशी, त्याने एका बैठकीत चौदा टाके घातले होते.

त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती. कानापर्यंत कळ जात होती आणि दाताच्या डॉक्टरने पाचची वेळ दिली होती. खिंड ओलांडली की रस्ता एका खोलगट भागात उतरे, चार किलोमीटर त्याच्या तळातून जाई आणि पलीकडे चढून पुन्हा मोठ्या रस्त्याला लागे. खिंडीत पोहोचून पाहतो तर पुढे ओंडक्यांचा ट्रक आडवा झालेला. दोन तास तरी, असं तिथल्या माणसांनी सांगितलं. मास्तरने घड्याळ पाहिलं, गाल चेपला, मोठ्या रस्त्याने वळसा घालून तो पलीकडच्या टोकाला गेला आणि तिथे मोजलं. हिरवं. खिंडीतही हिरवंच होतं. डॉक्टरकडून आल्यावर सुजलेल्या गालाने तो संगणकापुढे बसला. चार किलोमीटरचं भोक संगणक भरून देत नव्हता, म्हणून मध्ये मध्ये तेरा ठिपके त्याने हाताने ठेवले आणि त्यांच्यामधली चौदा भोकं एकेक करून भरून घेतली. नकाशा पाहायला सुरेख झाला. दाढ दुसऱ्या दिवशी दुखायची राहिली, आणि दाढ राहिली तसे ते टाकेही त्याच्या मनातून गेले.

मग ती यादी आली. त्याची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. दुकानातलं कार्ड घासायचं मशीन जुन्या जाळ्यावर चालायचं, ते बदलावं लागणार म्हणून विभागांची यादी दुकानदारांना पाठवली होती. सकाळी डबा भरता भरता तिने ती वाचून दाखवली. आपलं गाव पुढच्या वर्षी आहे म्हणाली, आत्ता पहिल्या तारखेला फक्त सहा, नऊ आणि सतरा.

तो म्हणाला, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. सतरा होतंच.

पहिल्या तारखेला एकोणीस दिवस होते. त्या दिवसापासून काडीमास्तरला अन्न गोड लागेना. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तो उपग्रहावरून काढलेला त्या खोलगट भागाचा फोटो उघडून बसे. अकरा छपरं दिसत. एक लांबलचक पत्र्याची शेड, आणि तिच्या शेजारी एक पिवळा ढीग. वाळू म्हणावी तर ओढा नव्हता, कडबा म्हणावा तर शेत नव्हतं. तो फोटो मोठा मोठा करत जाई, आणि ढीग विरघळून नुसते पिवळे चौकोन उरत. अकरा छपरांखाली किती माणसं असतील याचा हिशेब तो वेगवेगळ्या रीतींनी करी आणि दर वेळी तो आकडा वाढे. मग तो स्वतःला समजावी, की अलीकडे हिरवं, पलीकडे हिरवं, मध्ये असं काय होणार आहे. आणि लगेच दुसरं मन म्हणे, मध्ये काय होतं हे मोजण्यासाठीच तर तुला ठेवलंय.

आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्याने बायकोला सांगितलं. ती खिडकीच्या काचा पुसत होती. त्याने सगळं सांगितलं, दाढेपासून. ती काच पुसत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आठ दिवस तुम्ही घरात नाही, ते यामुळे. मला वाटलं, पुन्हा दाढ."

"आता काय करू, सांग."

"जा आणि मोजून या. यंत्र आहे, गाडी आहे, सुट्टी आहे. हिरवं निघालं तर मिटलंच."

"आणि लाल निघालं तर?"

तिने फडका पिळला आणि दुसऱ्या काचेला लागली. त्याला कळलं, की याचं उत्तर तिच्याकडे मागणं बरोबर नाही.

तो निघाला. अडीच तासांचा रस्ता. सुट्टीच्या दिवशी तीन फोन काचेमागे लावून जाताना त्याला चोरी करायला निघाल्यासारखं वाटत होतं, खरं म्हणजे चोरी परत ठेवायला. खिंडीत त्याने गाडी थांबवली, काच खाली केली. तिघेही फोन ठणठणीत होते. पुढे रस्ता उताराला लागला. त्याने वेग तीसवर आणला, मग वीसवर. डोळे रस्त्यावर ठेवावेत की धाकट्यावर हे त्याला समजेना. पहिल्या वळणावर धाकट्याच्या चार काड्या होत्या. दुसऱ्यावर चार. खाली उतरता उतरता थोरल्याच्या मात्र गळू लागल्या. तीन, दोन, आणि तळाशी येईतो एकच काडी उरली. धाकटा मात्र चार. नकाशावर ठिपक्यामागून ठिपका पडत होता, हिरवा, हिरवा, हिरवा. समोरच्या डोंगरावर नवा टॉवर होता, तो थेट या खोलगटात डोकावत होता.

मास्तरच्या छातीवरचं ओझं इतकं एकदम उतरलं की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. त्याने जे न बघता रंगवलं होतं ते बघूनही तसंच होतं. खोटं बोललेली गोष्ट खरी निघावी, याहून मोठी माफी कुठली. त्याने बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. परत फिरायला जागा पाहत पुढे गेला तर उजव्या हाताला ती लांब पत्र्याची शेड आली, आणि शेजारचा पिवळा ढीग म्हणजे लाकडाचा भुसा होता. घराएवढा उंच.

लाकूड कापायची वखार होती ती. आत करवत चालू होती. पट्ट्यासारखी उभी करवत, दोन चाकांवर फिरणारी, आणि तिच्यापुढे ओंडका सरकवणारी माणसं. आवाज दातांत घुसत होता. मास्तर गाडी वळवत होता, एवढ्यात चष्म्याला दोरी बांधलेली, केसांवर भुसा बसलेली एक बाई दारात आली. पन्नाशीच्या पुढची असावी. ही वखारीची मालकीण. दोघा भावांची वखार, दोघेही गेले, आणि दोघांच्या बायका आता ती चालवत होत्या, असं तिने पुढच्या पाच मिनिटांत सांगितलंही. तिची नजर काचेमागच्या तीन फोनांवर गेली होती.

"कंपनीकडून आलात का, दादा?"

तो म्हणाला, तसंच समजा.

"बरं झालं. त्या नव्या फोनचं काय ते बघा एकदाचं. माझ्या जावेने हौसेने घेतला. काड्या चार दाखवतो, फोन एक लागत नाही. ती आता त्यावर नुसते फोटो काढते. चार काड्या म्हणजे काय, शोभेच्या का?"

मास्तरने सवयीने सांगितलं, की फोन खराब असेल, कधी कधी सेटिंग बदललेली असते. बोलता बोलता त्याने धाकटा पट्टीवरून काढला आणि बायकोचा नंबर लावला. काड्या चार. पलीकडे काही नाही. घंटी नाही, माफ करा म्हणणारी बाई नाही. नुसती शांतता, आणि मग फोन आपणहून तुटला. पुन्हा लावला. तसंच. वखारीच्या मागे जाऊन लावला, भुशाच्या ढिगावर घोट्यापर्यंत रुतत चढून लावला. चार काड्या आणि शांतता.

त्याला ते कळायला वेळ लागला नाही, आणि कळलं तेव्हा तो त्या भुशावरच बसला. धाकट्याला टॉवरचं ऐकू येत होतं. टॉवरला धाकट्याचं ऐकू जात नव्हतं. समोरच्या डोंगरावरून टॉवर मोठ्या गळ्याने बोलत होता, पण हातातल्या फोनचा गळा तो केवढा. यंत्र मोजत होतं ते फक्त ऐकू येणं. पंचविशीत असताना मास्तर लोकांच्या छपरांवर चढून टीव्हीचे अँटेना फिरवायचा. वरून विचारायचा, आलं का. खालून घरातली बाई सांगायची, मुंग्याच आहेत, अजून फिरवा. खालून उत्तर आल्याशिवाय छपरावरून उतरायचं नाही, एवढं त्याला त्या वयातही कळत होतं.

आणि तेव्हाच त्याला ती दुसरी गोष्ट आठवली, जी तो आठ दिवस विसरला होता. ठिपक्यांच्या नादात विसरला होता. या चार किलोमीटरमध्ये एका ठिकाणी थांबून फोन लावायचा होता. तो त्याने वर खिंडीतच लावला होता आणि पत्ता खालचा लिहिला होता. नवं जाळं: फोन लागला. ठिपके खरे निघाले होते. ती एक ओळ खोटी होती, आणि पहिल्या तारखेला काय होणार ते त्या एका ओळीवर उभं होतं.

मालकीण ढिगाखाली उभी राहून विचारत होती, चक्कर आली का, पाणी आणू का. तो उतरला. शेडमध्ये तिच्या टेबलावर एक जुना फोन चार्जिंगला होता, बटणांचा, पाठीला रबर लावलेला. हा मात्र कधी दगा देत नाही, ती म्हणाली. गेल्या वर्षी करवतीने एकाचा हात धरला होता, कोपराखाली. ते सांगताना तिचा आवाज बदलला नाही, फक्त तिने चष्मा काढून हातात घेतला. "जावेने फोन धरला होता, मी हात धरला होता. दोन्ही हातांनी, असा. पस्तीस मिनिटांत गाडी आली. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं गेली असती तर हात सोडा, माणूस गेला असता." शेडच्या टोकाला एक माणूस स्टुलावर बसून फळ्यांवर खडूने खुणा करत होता, डाव्या हाताने. उजवा मांडीवर होता; त्याची बोटं मिटत नव्हती. आपल्याविषयी बोलणं चाललंय हे ओळखून त्याने मान हलवली.

मास्तरने विचारलं, हे जुनं जाळं बंद होणार असल्याचा निरोप आला होता का. तिने तोंडाकडे पाहिलं. कुठला निरोप. त्याने तो फोन हातात घेतला. वीस निरोपांची जागा, वीसच्या वीस भरलेले. सगळे गिऱ्हाइकांचे: तीन बाय दोन, चाळीस नग, दाराच्या चौकटी, सहा. ती काही पुसत नसे, कोण कधी तक्रार घेऊन येईल याचा नेम काय. तिच्या परवानगीने त्याने दोन जुने पुसले. फोन टेबलावर थरथरला, आणि बाहेर अडून राहिलेला निरोप आत आला. पहिल्या तारखेपासून आपल्या भागातील जुनी सेवा बंद होत आहे, नव्या सेवेचा लाभ घ्यावा.

तिने तो दोनदा वाचला. "हे कोणी ठरवलं?"

करवत चालू होती. मास्तर म्हणाला, मी बघतो. त्या दोन शब्दांनी त्याला स्वतःचीच लाज वाटली.

वखारीचा नंबर टिपून घेऊन बाहेर आल्यावर त्याने थोरल्यावरून बायकोला फोन लावला. एका काडीवर, पहिल्या घंटीला लागला.

"काय निघालं?"

"हिरवं आहे."

"मग आवाज असा का?"

त्याने सांगितलं. मग तिने सुचवलं, की आत्ता फोन लागत नाही एवढंच कळवा. चार महिन्यांत काहीतरी बिघडलं असेल म्हणा. तुम्ही त्या दिवशी तिथे नव्हता हे कोणाला कळतंय. हा विचार त्याच्याही मनात येऊन गेला होता, भुशावर बसल्या बसल्याच. पण पुढचं त्याला पाठ होतं. तक्रार दुरुस्तीवाल्यांकडे जाणार, ते डोंगरावर चढणार, टॉवर ठणठणीत आहे असं पाहून उतरणार आणि कागदावर लिहिणार: बिघाड आढळला नाही. पहिली तारीख काही त्यासाठी थांबणार नाही. तारीख थांबते ती एकाच गोष्टीने, मोजणी रद्द झाली तर. आणि मोजणी रद्द होते ती मोजणाऱ्याने सांगितलं तरच.

हे त्याने तिला समजावलं. ती म्हणाली, "मग मला कशाला विचारता? लावा फोन." आणि तिनेच ठेवला.

साहेब त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान होता. सुट्टीचा दिवस, मागे पाण्यात खेळणाऱ्या मुलांचा गलका ऐकू येत होता. मास्तरने गाडीला टेकून, डोळे मिटून सांगितलं.

"साहेब, सतराची माझी मोजणी रद्द करा."

"का? काय झालं?"

"मी तिथे गेलो नव्हतो."

गलका दूर गेला. साहेब उठून बाजूला गेला असावा. "आत्ता कुठे आहात, मास्तर?"

"तिथेच."

थोरला एका काडीवर पलीकडची शांतताही नीट पोहोचवत होता. मग साहेब हलक्या आवाजात म्हणाला, की हे असं फोनवर बोलायचं नसतं. उद्या ऑफिसात या. तोपर्यंत तुम्ही काही सांगितलं नाही, मी काही ऐकलं नाही. विचार करा. एक रात्र आहे तुमच्याकडे.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने दार उघडं ठेवलं होतं, परत आत यायला.

दुसऱ्या दिवशी मास्तरने चार ओळी लिहून नेल्या. साहेबाने त्या वाचल्या, कागद टेबलावर पालथा ठेवला आणि विचारलं, की बाकीच्या सोळा वर्षांच्या नकाशांचं काय करू मी. ते आता कोणी आणि का मानायचे? याचा विचार मास्तरने केला नव्हता. आपण एक ओळ खोटी लिहिली एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आता त्याच्या डोळ्यांपुढे समुद्रकाठचे रस्ते आले, पठारं आली, कडाक्याच्या उन्हात मीटर मीटर मोजलेली, आणि त्या सगळ्या हिरव्या-पिवळ्या-लाल ठिपक्यांवरून कोणीतरी ओला फडका फिरवत चाललं होतं. बाकीचं सगळं खरं आहे, असं तो म्हणाला. आपल्याच कानांना ते खोटं वाटलं.

त्याला घरी बसायला सांगितलं, चौकशी होईपर्यंत. सतरा विभाग यादीतून काढून पुन्हा मोजायचं ठरलं. मोजायला जो जाणार होता तो मास्तरचा शेवटचा शिष्य. ऑफिसच्या आवारात मास्तरच्याच गाडीत तो तीन फोन लावत होता. मास्तर त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, वखारीपाशी थांब, थांबून फोन लाव. शिष्याने पट्टीचा स्क्रू आवळत सांगितलं, की नियमाने दर पाच किलोमीटरला लावायचा, पाचवा किलोमीटर जिथे येईल तिथे लावीन. तुम्हीच शिकवलंय. मग जरा थांबून, गंमत म्हणून म्हणाला, "टाके दोनच घालीन, मास्तर. तिसरा पडला तर मागे फिरतो."

मास्तर हसला नाही. घरी येऊन त्याने नकाशा घेतला आणि सुरुवात कुठून केली तर पाचवा किलोमीटर कुठे पडतो ते मोजत बसला. खिंडीकडून निघालं तर तो वखारीच्या अलीकडे तीनशे पावलांवर पडत होता, खोलगटातच. दुसऱ्या टोकाकडून निघालं तर वर खिंडीत. शिष्य कुठून निघणार हे विचारायला त्याने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. आता आपल्या विचारण्यालाही वास येणार.

राहिलेले दिवस तो घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोजत हिंडला. बायको दुकानात जाताना सांगून जाई, दूध तापवा, आणि उतू जाऊ द्या एकदा. मोजणी अजून झाली नव्हती. सतरा यादीतून काढल्याचं पत्र निघालं होतं, असं साहेबाने कळवलं होतं. पण पत्र निघणं आणि पत्र पोहोचणं यांच्यामध्ये काय असतं, हे सोळा वर्षं मोजलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होतं. जुनं जाळं बंद करणारा माणूस कुठल्यातरी खोलीत बसलेला असेल. त्याच्यापुढे कुठली यादी असेल? नवी, की भिंतीला आधीच चिकटवलेली?

पहिल्या तारखेला सकाळी दहा वाजता बंद करायचं होतं. बायकोने त्या दिवशी दुकानात उशिरा येते म्हणून सांगितलं होतं आणि ती समोर बसून उगाच डाळ निवडत होती. दहाला त्याने फोन लावला नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी लावला नाही. घड्याळं मागेपुढे असतात. सव्वादहाला त्याने वखारीचा नंबर दाबला.

काही नाही. शांतता. मग, खूप लांबून आल्यासारखी, घंटी वाजली. दुसरी वाजली. सहावी वाजली.

"कोण?" मागे करवतीचा आवाज.

"मी, ताई. मोजणीवाला. फोन चालू आहे का पाहत होतो."

"चालू आहे म्हणून तर बोलतेय. किती दिवस चालू राहील?"

"पुन्हा मोजेपर्यंत."

"आणि मोजल्यावर?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला घेतला. ती म्हणाली, की गिऱ्हाईक उभं आहे, तुमचं मोजणं होऊ दे, आणि फोन न तोडता तिने तो टेबलावर ठेवला असावा, कारण त्यानंतर नुसती करवत ऐकू येऊ लागली. लाकडात शिरताना तिचा आवाज जाड होई, बाहेर पडताना बारीक. एक फळी. दुसरी. बायकोने खुणेने विचारलं, लागला? त्याने मान हलवली, पण फोन कानापासून काढला नाही.

पाचव्या की सहाव्या फळीच्या मध्येच करवत थांबली. लाकडात असतानाच थांबली.

काडीमास्तर उभा राहिला. तिकडे कोणी बोलत नव्हतं. पावलं वाजली, काहीतरी जड सरकलं. त्याने ताई म्हणून हाक मारली. ती हाक टेबलाच्या कडेपर्यंतसुद्धा पोहोचली नसेल. बायकोचे हात डाळीत थांबले होते. मग लांबून कोणीतरी खोकलं, कोणीतरी कोणाला आळशी म्हणालं, आणि करवत पुन्हा लागली, जाड, मग बारीक. तो उभाच राहिला, पुढच्या फळीसाठी कान देऊन.